कीटक खाणं : जुनी परंपरा, नवं प्रोटीन आणि मधे राहून जाणारे प्रश्न

रानफूल

"कीटक म्हणजे भविष्यातलं अन्न" हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी दिसतं की शेवटी म्हटलं एकदा यावर नीट बोलूया. मला खटकतं ते हे की भविष्यातलं कुणाच्या? बस्तरच्या आठवडी बाजारात लाल मुंग्यांचा चापडा (त्यांची चटणी करतात) पानाच्या द्रोणात विकायला असतो, मेक्सिकोतल्या वाहाका भागात लिंबू-मीठ-मिरची लावलेले भाजके नाकतोडे टोपल्या भरभरून असतात, कोरियात रेशमाच्या कोषातले किडे उकडून विकतात, जपानच्या डोंगराळ भागात गांधीलमाशीच्या अळ्या सोया सॉसमध्ये शिजवतात. हे सगळं आजचं जेवण आहे आणि ते खाणारी माणसं आजची आहेत.

पसारा किती मोठाय ते आधी सांगते. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात जगभरच्या खाण्याजोग्या कीटकांची यादी ठेवलीये, त्यात २,१०० च्या वर प्रजाती आहेत. जागतिक अन्न व कृषी संघटनेचा म्हणजे एफएओचा २०१३ चा जो गाजलेला अहवाल आहे त्यात वाटणीही दिलीये, सगळ्यात जास्त भुंगेरे ३१ टक्के (खाल्ल्या जातात त्या बहुतेक त्यांच्या अळ्या), मग सुरवंट १८ टक्के, मुंग्या-मधमाश्या-गांधीलमाश्या १४ आणि टोळ-नाकतोडे-रातकिडे १३ टक्के. त्याच अहवालातला "दोन अब्ज लोक कीटक खातात" हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याला पुरेसा आधार नाही असं नंतर याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी लिहिलंय, म्हणून मी तो वापरत नाही. खाणारे खूप आहेत, एवढं आपल्या मुद्द्याला पुरतं.

आता एक उदाहरण जरा सविस्तर, कारण त्यात परंपरा आणि टिकाऊपणा दोन्हीची गाठ दिसते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, झिम्बाब्वे, बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेचा लिंपोपो प्रांत, इथे मोपाने नावाचं झाड आहे आणि त्याच्या पानांवर वाढणारा एका मोठ्या पतंगाचा सुरवंट, त्यालाच मोपाने वर्म म्हणतात. तो बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा येतो. बायका आणि मुलं झाडावरून हातानेच तो वेचतात, एका टोकाला चिमटीत धरून आतडं पिळून काढतात (कारण आत पानांचा चोथा असतो आणि तो कडू लागतो), मग मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. वाळवलेला माल महिनोन्महिने टिकतो. घरी खायचा आणि उरलेला विकायचा, त्या पैशात मुलांची फी, कपडे. वेचायचा कधी, कोणत्या आकाराचा घ्यायचा, किती मागे सोडायचा याचे गावागावाचे नियम होते. मग शहरांतून मागणी वाढली, व्यापारी ट्रक घेऊन जंगलापर्यंत यायला लागले, बाहेरची माणसं वेचायला यायला लागली, लहान अळ्याही उचलल्या जायला लागल्या, काही ठिकाणी तर उंचावरचे सुरवंट मिळावेत म्हणून फांद्या किंवा अख्खं झाडच तोडतात. काही भागांतून सुरवंट दिसेनासा झाला.

म्हणजे प्राणी तोच, झाड तेच, खाणंही तेच. एका पद्धतीने ते शेकडो वर्षं चालतं आणि दुसऱ्या पद्धतीने थोड्या वर्षांत संपतं. म्हणून "कीटक टिकाऊ प्रोटीन आहे" असं सरसकट कुणी म्हटलं की मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात, तो काय खाऊन वाढला आणि त्याला कुणी, कधी, किती गोळा केलं. ही उत्तरं नसतील तर टिकाऊ हा शब्द नुसता पाकिटावर छापण्यापुरता.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. ज्यांनी खाल्लंय, बघितलंय, अभ्यास केलाय त्यांनी तर नक्कीच.

तांबडफुटी

छान विषय रानफूल ताई. मला किळस या भागाबद्दल बोलायचंय कारण सगळी चर्चा तिथेच अडकते. कोळंबी, खेकडा, शेवंड हे सगळे संधिपाद प्राणी, कीटकांचे नातलगच, कठीण कवच आणि सांधेवाले पाय, आणि ते मिटक्या मारत खाणारा माणूस नाकतोडा बघून तोंड फिरवतो. मध म्हणजे मधमाशीने पोटातल्या पिशवीत साठवून परत बाहेर काढलेला रस, तो आपण पवित्र मानतो. लाल रंगासाठी वापरतात ते कार्माइन हे निवडुंगावरच्या कोचिनिअल किड्यापासून काढतात, पाकिटावर ई१२० असं लिहिलेलं असतं, आणि गोळ्या-चॉकलेटांना चकाकी येते ती शेलॅकची म्हणजे लाखेच्या किड्याची. अमेरिकेच्या अन्न खात्याचे नियम बघा, चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे सरासरी ६० पेक्षा कमी कीटकांचे तुकडे असले तर चालतं, पीनट बटरमध्ये ३०. शेतातल्या मालात ते शून्य करणं शक्यच नसतं म्हणून मर्यादा आखलीये.

किळस खोटी आहे असं मला म्हणायचं नाहीये, ती खरीच असते, पण लहानपणी काय बघितलं यावर ती ठरते. त्यामुळे ज्याला नको वाटतं त्याने न खावं, पण दुसऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडू नये. अशा नाक मुरडण्यामुळेच कितीतरी ठिकाणची मुलं आजीचं खाणं लपवायला लागलीत.

प्रयोगवही

पोषणाबद्दल थोडं लिहितो कारण यात फार फुगवून सांगितलं जातं. कोरड्या वजनावर कीटकांत साधारण ४० ते ७० टक्के प्रोटीन असे आकडे असतात, प्रजातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे खूप फरक, अळीत चरबी जास्त, प्रौढ रातकिड्यात प्रोटीन जास्त. पण हे मोजतात कसं ते बघायला पाहिजे. प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कीटकांच्या कवचात कायटिन असतं आणि त्यातही नायट्रोजन आहे, तोही मग प्रोटीन म्हणून मोजला जातो. २०१७ मध्ये वाखेनिंगेनच्याच संशोधकांनी तीन प्रजातींच्या अळ्यांचं नीट विश्लेषण करून अख्ख्या अळीसाठी ४.७६ हा गुणक सुचवला. म्हणजे जिथे ६० टक्के लिहिलंय तिथे खरे ४५ च्या आसपास असू शकतात. तरीही चांगलंच आहे हो, फक्त आकडा खरा सांगावा.

प्रोटीनचा दर्जा मात्र उत्तम आहे. २०२१ मध्ये मास्ट्रिख्टला एक प्रयोग झाला, तरुणांना व्यायामानंतर लेसर मीलवर्म नावाच्या अळीचं प्रोटीन दिलं आणि तुलनेला दुधाचं प्रोटीन, तर पचन, शोषण आणि स्नायू बनण्याचा वेग दोन्हींत सारखा आला. शिवाय लोह, जस्त, रातकिड्यात बी१२ पण.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो काँगोतला प्रयोग (लोकशाही प्रजासत्ताक काँगो). तिथे लोक सुरवंट पहिल्यापासून खातात, तर वाळवलेल्या सुरवंटांची पूड घालून बाळांसाठी लापशीसारखं अन्न बनवलं आणि सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत दिलं. उंची खुंटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण त्या मुलांचं हिमोग्लोबिन वाढलेलं होतं आणि अ‍ॅनिमिया कमी होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालंय. दोन्ही निकाल सोबत सांगितले पाहिजेत, नुसता चांगला निवडून सांगितला की लोकांचा विश्वास जातो.

निरभ्र

मला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, ओठ सुजतात. तांबडफुटी म्हणतात की हे नातलग आहेत, म्हणजे मग माझ्यासारख्याने कीटक खाल्ले तर काय होईल?

प्रयोगवही

@निरभ्र, तुम्ही अजिबात प्रयोग करू नका. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीला बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रोटीन कारण असतं आणि तेच प्रोटीन कीटकांत आणि धुळीतल्या माइट्समध्ये (डोळ्याला न दिसणारे बारीक जीव) थोड्याफार फरकाने असतं. शरीर ओळखतं आणि तशीच रिअ‍ॅक्शन देतं. शिजवल्याने, भाजल्याने ते खात्रीने जात नाही. युरोपात ज्या कीटकांना परवानगी मिळाली त्यांच्या लेबलवर कोळंबी-खेकडे, शिंपले-कालवं आणि धुळीतल्या माइट्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी सूचना छापणं सक्तीचं केलंय. पिठात मिसळलेली पूड जास्त धोक्याची, कारण ती डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे बिस्किट, पास्ता, प्रोटीन बार काहीही असो, घटकांची यादी वाचल्याशिवाय नको.

निंबोणी

सगळे छान लिहिताय. पण मूळ फायदा कुणी मांडलाच नाही, खाद्य किती लागतं तो! एक किलो रातकिडे वाढवायला साधारण १.७ किलो खाद्य आणि एक किलो गोमांसाला १० किलो, असं एफएओनेच दिलंय. वर रातकिड्याचा ८० टक्के भाग खाता येतो, गुराचा ४० टक्केच. कारण सोपं आहे, कीटक थंड रक्ताचे, शरीर गरम ठेवायला अन्न जाळत नाहीत. जमीन कमी लागते, पाणी कमी लागतं, मिथेन बहुतेक प्रजातींत नाहीच (वाळवी, झुरळं असे काही सोडून). मग याहून टिकाऊ काय असणार? ताई तुम्ही जरा जास्तच सावध बोलताय असं वाटलं.

रानफूल

@निंबोणी, तुम्ही म्हणता ते आकडे मलाही माहितीयेत आणि ते चूक नाहीत, पण त्या १.७ किलो खाद्यात काय होतं ते बघा. ते कोंबडीसारखं खाद्य होतं, म्हणजे मका, सोयाबीन, धान्य, जे माणसाला किंवा कोंबडीला सरळ देता आलं असतं.

२०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी हेच तपासलं. एकाच जातीचे, घरगुती रातकिडे, वेगवेगळ्या खाद्यावर मोठ्या संख्येने वाढवले. कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेल्यांनी खाद्यातल्या प्रोटीनपैकी सुमारे ३५ टक्के अंगात आणलं, म्हणजे कोंबडीपेक्षा थोडंसंच बरं. किराणा दुकानातल्या उरलेल्या भाजी-फळांवर आधी प्रक्रिया करून दिलं तेव्हाही जमलं. पण शहरातला सरसकट ओला कचरा आणि शेतातला पालापाचोळा-काड जेव्हा दिलं तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त रातकिडे काढणीच्या आकाराला येण्याआधीच मेले. आता हे नीट बघा, जाहिरातीत सांगतात "कचरा खाऊन प्रोटीन देणारा कीटक" आणि प्रत्यक्षात रातकिड्याला चांगलं खायला लागतं. मग कोंबडीच्या ऐवजी रातकिडा पाळून जे वाचलं ते अगदी थोडं.

गुरांशी तुलना केली की कुणीही जिंकतो. कोंबडीशी, आणि खरं तर डाळीशी, तुलना करायला हवी. डाळीतलं प्रोटीन मधे कुठलाही प्राणी न घालता मिळतं. ज्या ठिकाणी डाळ, दूध, अंडी पुरेशी आहेत तिथे कीटक पूड विकणं आणि जिथे सुरवंट हेच पावसाळ्यातलं लोहाचं आणि प्रोटीनचं साधन आहे तिथे ते जंगल टिकवणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरीची जास्त काळजी वाटते.

हिशोबी

याला जोडून. कचऱ्यावर खरंच वाढणारा कीटक आहे, ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी. सडका भाजीपाला, उरलेलं अन्न, दारूभट्टीचा चोथा सगळं संपवते, मागे जे राहतं ते खत म्हणून वापरता येतं, प्रौढ माशी जवळजवळ काही खात नाही, चावत नाही, त्यामुळे घरमाशीसारखी रोगराई पसरवत नाही. पण ती मुख्यतः मासे, कोंबड्या, डुकरं यांच्या खाद्यासाठी. युरोपने २०१७ मध्ये मत्स्यपालनासाठी आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांसाठी कीटक प्रोटीनला मान्यता दिली. गंमत नाही पण अडचण अशी की तिथल्या नियमात पाळलेले कीटक म्हणजे पाळीव जनावरं, त्यामुळे हॉटेलचं उरलंसुरलं किंवा शेण त्यांना घालता येत नाही. म्हणजे जो मुख्य फायदा तोच कायद्याने बंद. रोगांच्या भीतीने केलेला नियम आहे, त्यालाही कारण आहेच (गुरांना मांसाची पूड घातल्यामुळे पसरलेला मॅड काऊ रोग युरोप विसरलेला नाही).

आणि दुसरा मुद्दा उष्णतेचा. थंड रक्ताचे आहेत म्हणून खाद्य कमी लागतं हे बरोबर, पण थंड देशात ती उष्णता मग हीटरने द्यावी लागते. मीलवर्मचा डच फार्मवरचा अभ्यास २०१२ चा आहे, जमीन खूपच कमी लागली, हरितगृह वायू कमी, पण ऊर्जा दूध आणि चिकनपेक्षा जास्त. गरम हवेच्या देशात हे गणित आपोआप सुधारतं. थायलंडचं उदाहरण त्यासाठीच बघण्यासारखं आहे. १९९८ मध्ये खोन काएन विद्यापीठाने शेतकऱ्यांना रातकिडे पाळायचं तंत्र दिलं, सिमेंटच्या टाक्या, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वर जाळी, आणि पंधरा वर्षांत २०,००० च्या आसपास फार्म झाले, वर्षाला सरासरी साडेसात हजार टन. बहुतेक छोटे कुटुंबाचे. हीटर नाही, मोठा कारखाना नाही. तिथे ते चाललं कारण लोक आधीपासून रातकिडे खात होते, गिऱ्हाईक शोधायला लागलं नाही. युरोपात मोठाले ऑटोमॅटिक प्लांट उभे केले आणि त्यातले काही अडचणीत आले, कारण माल महाग आणि खाणारा कुणी नाही.

कोषकार

मी रेशीम क्षेत्रात काम केलंय त्यामुळे एरी रेशमाबद्दल लिहितो, कुणी अजून काढलं नाही. आसाममध्ये आणि आजूबाजूच्या राज्यांत बोडो आणि इतर समाज घरी एरीचा किडा पाळतात, खाद्य एरंडाची पानं. तुतीच्या रेशमात अख्खा सलग धागा काढायला कोष आतल्या किड्यासकट उकळतात. एरीचा कोष एका तोंडाला उघडा असतो आणि त्याचा धागा सलग नसतो, कापसासारखा कातावा लागतो. त्यामुळे पतंग उडून गेला तरी कोष वापरता येतो आणि म्हणून बाहेर याला अहिंसा रेशीम म्हणून विकतात. पण पाळणाऱ्या घरात मात्र आतला कोषस्थ किडा हेच मुख्य उत्पन्न असतं, तो काढून भाजून, तळून खातात, बाजारात विकतात, पुष्कळ घरांत रेशीम हे जोडउत्पन्न. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. एरंड माणूस खात नाही, बांधावर परसात कुठेही येतो, त्याच्या पानावर किडा, किड्यापासून कापड आणि जेवण, उरलेलं खत. रानफूल ताईंनी विचारलंय ना काय खाऊन वाढला, तर याचं उत्तर हे, माणसाच्या अन्नाशी स्पर्धा न करता.

तुतीच्या रेशमाचे कोष उकळल्यावर जे किडे उरतात तेही टनांनी निघतात. कोरियातलं बोंदेगी तेच. जिथे खात नाहीत तिथे माशांना कोंबड्यांना घालतात किंवा नुसते टाकतात आणि वास सुटतो. नवा फार्म काढायच्या आधी जे आधीच तयार होतंय ते नीट वापरलं तरी पुष्कळ.

अरण्यवाचक

मी मुंग्यांवर लिहितो. बस्तरचा चापडा, ओडिशातल्या मयूरभंजची काई चटणी (सिमिलीपाल काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं), थायलंड आणि लाओसमध्ये खाल्ली जाणारी "अंडी", हे सगळं एकाच मुंगीचं, ओइकोफिला स्मॅरॅग्डिना. झाडावर पानं एकमेकांना शिवून घरटं करते. शिवते कशी ते ऐका, कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून जवळ धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर नेतात, अळी रेशीम सोडते आणि त्याने पानं चिकटतात. आंबट चव येते ती फॉर्मिक अ‍ॅसिडची.

आता काढणी. गोळा करणारा घरटं उतरवतो, चावे खातो (खूप चावतात), मुंग्या आणि अंडी-अळ्या वेगळ्या करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वसाहत संपली. पण एका वसाहतीची अनेक झाडांवर मिळून कितीतरी घरटी असतात आणि अंडी घालणारी राणी त्यातल्या एखाद्याच घरट्यात. थायलंडमध्ये कोरड्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, जी काढणी होते त्यात मुख्यतः पुढच्या राण्या व्हायच्या त्या मोठ्या अळ्या-कोष मिळतात. यातल्या बहुतेक राण्या निसर्गात उडून जाऊन मरणारच असतात. डॅनिश आणि थाई संशोधकांनी मोजून बघितलं, २०१० मध्ये आलं ते, की अशी काढणी केलेल्या वसाहतींत कामकरी मुंग्यांची संख्या घटली नाही. म्हणजे तो ऋतू ठरवण्यामागे बघून बघून आलेली समज आहे.

आणि हीच मुंगी फळबागेतली राखणदार. आंबा, काजू, लिंबूवर्गी झाडांवरच्या किडी खाते. चीनमध्ये संत्र्याच्या बागेसाठी हिची घरटी पिशव्यांतून विकायचे ही नोंद सुमारे इ.स. ३०४ ची मानतात, कीड नियंत्रणासाठी किडा वापरण्याची ही जगातली सर्वात जुनी नोंद. बागायतदाराने फवारणी कमी केली तर मुंगी टिकते, मुंगी टिकली तर फवारणी कमी लागते आणि वर खाणंही मिळतं. हिशोबी दादा, हे तुमच्या कुठल्याच खाद्य-गुणोत्तरात बसत नाही बघा, कारण हिला खाद्य कुणी घालतच नाही.

निंबोणी

हे मुंग्यांचं माहितीच नव्हतं, मस्त लिहिलंय. मला आता ताईंचा मुद्दा पटतोय. पण मग जंगलातून गोळा करणं चांगलं आणि पाळणं वाईट असं म्हणायचं का?

अरण्यवाचक

नाही नाही, तसं सरसकट नाही. मेक्सिकोत एस्कामोलेस म्हणून मुंगीच्याच अळ्या-कोष खातात, अ‍ॅझ्टेक काळापासून. ती मुंगी जमिनीत घरटं करते. जाणता माणूस घरटं उघडून थोडं काढतो आणि परत पानं-माती घालून झाकतो, म्हणजे त्याच घरट्यातून पुढची बरीच वर्षं मिळत राहतं. पण महागड्या हॉटेलांत भाव आल्यावर घाईत उकरणारे आले, ते उघडंच टाकून जातात, ऊन-पाऊस लागून घरटं मरतं. मुंगीची जात वेगळी, घरट्याची रीत वेगळी, त्यामुळे नियमही वेगळा. कीटक हा एक शब्द आहे पण आत हजारो वेगळे प्राणी आहेत हे विसरून चालत नाही.

ऑस्ट्रेलियातला बोगोंग पतंगही बघा. उन्हाळ्यात मैलोन्‌मैल उडून हा तिथल्याच ऑस्ट्रेलियन आल्प्स डोंगरांतल्या थंड कपारींत लाखांनी जमायचा आणि तिथले आदिवासी समाज तो भाजून खायला एकत्र यायचे, एका गुहेत सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडावर या पतंगाचे अंश मिळालेत. खाऊन तो संपला नाही. २०१७-१८ ला दुष्काळात त्याची संख्या कोसळली आणि २०२१ मध्ये आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) त्याला धोक्यातल्या यादीत टाकलं. अधिवासच बिघडला तर खाणाऱ्याने कितीही जपलं तरी काय उपयोग. युगांडात टोळासारखा जो एन्सेनेने दिवे लावून पकडतात त्याच्याबद्दलही जंगल-गवताळ भाग कमी झाल्याची काळजी आहेच.

माळरान

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी, कारण परंपरा म्हटलं की सगळं निर्धोक असं लोक धरून चालतात.

कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत मुलांच्या रक्तात शिसं सापडत होतं, शोध घेता घेता वाहाकातून पाठवलेल्या नाकतोड्यांपर्यंत माग लागला, २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कीटक परिसरातलं सगळं अंगात घेतो, खाणीजवळ, रस्त्याकडेला, फवारलेल्या शेतात पकडलेला खाऊ नये हे साधं आहे. टोळधाडीत "पकडा आणि खा" असा सल्ला दर वेळी कुणीतरी देतं, पण तेव्हा सरकारं विषारी फवारणी करत असतात, मेलेले आणि मरायला टेकलेले टोळ खाणं सरळ धोक्याचं.

दुसरं नायजेरियाचं. दक्षिण-पश्चिम भागात अनाफे जातीचे सुरवंट भाजून खातात, पावसाळ्यात मुबलक. त्याच हंगामात लोकांना अचानक तोल जाणं, थरथर, चालता न येणं असा आजार व्हायचा. त्या सुरवंटात थायमिनेज नावाचं एन्झाइम निघालं, जे बी१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि ते भाजून पुरतं नष्ट होत नाही. ज्यांच्या जेवणात मुळातच बी१ कमी, म्हणजे नुसत्या कसाव्यावर राहणारी गरीब माणसं, त्यांनाच फटका. थायमिन म्हणजे हेच बी१ दिलं की बरे व्हायचे. मग दोष सुरवंटाचा की उरलेल्या रिकाम्या ताटाचा? मला वाटतं दोन्ही, आणि सल्ला देताना दोन्ही सांगायला हवं.

साधीसुधी

मी शाकाहारी आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने विचारते. एक कोंबडी मारली तर काही जणांचं जेवण होतं, पण तेवढ्याच प्रोटीनला रातकिडे हजारोंनी मारावे लागतील. त्यांना वेदना होते की नाही हे नक्की ठरलंय का? ठरलं नसेल तर इतके जीव घेणारा नवा उद्योग उभा करताना थोडं थांबायला नको?

कोषकार

साधीसुधी ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. नक्की ठरलेलं नाहीये. मधमाश्या, फळमाश्या यांच्या वागण्यातून नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेपलीकडचं काहीतरी आहे असं दाखवणारं काम होतंय. फार्मवर बहुतेक ठिकाणी आधी काही काळ उपाशी ठेवतात (पोट साफ व्हावं म्हणून), मग थंड करून गोठवतात किंवा एकदम उकळत्या पाण्यात टाकतात. कुठली पद्धत कमी त्रासाची यावर नियम फारच कमी देशांत आहेत. माझं मत विचाराल तर शंकेचा फायदा प्राण्याला द्यावा, मारायचंच असेल तर सगळ्यात झटपट पद्धतीने, आणि गर्दी किती ठेवायची यालाही मर्यादा असावी. ज्याला मुळातच नको त्याच्यासाठी डाळ आहेच, तुमचा मार्ग त्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ.

पण एक विनंती, हा प्रश्न मोठ्या उद्योगाला विचारा. वर्षातून काही आठवडे जंगलातून सुरवंट आणणाऱ्या कुटुंबाला तो तसाच विचारला तर तो वेगळाच लागतो, त्यांच्याकडे पर्याय किती असतात हे आपल्याला माहितीये.

निरभ्र

माझं तर अ‍ॅलर्जीमुळे संपलंच, पण घरातल्या इतरांना करून बघायचंय. विकत घ्यायचं झालं तर काय बघावं हे कुणी एकत्र सांगाल का?

प्रयोगवही

खाण्यासाठी म्हणून वाढवलेलेच घ्या, पक्ष्या-माशांच्या खाद्यासाठी विकतात ते नकोत, त्यांना तशी तपासणी नसते. पाकिटावर प्रजातीचं शास्त्रीय नाव असलं पाहिजे, नुसतं "इन्सेक्ट प्रोटीन" लिहिलं असेल तर सोडून द्या. युरोपात २०२१ पासून आधी पिवळा मीलवर्म, मग टोळ, घरगुती रातकिडा आणि २०२३ मध्ये लेसर मीलवर्म अशा एकेका प्रजातीला तपासून परवानगी मिळालीये, सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये एकदम १६ प्रजातींना दिली, तर तुम्ही असाल त्या देशाच्या यादीत ती प्रजाती आहे का बघा. वाळवलेलं असेल तर कोरडं, कुरकुरीत हवं, खवट वास आला तर चरबी बिघडलीये. कच्चं खाऊ नये, आतड्यासकट खातो आपण त्यामुळे जंतू असतात आणि काहींचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, म्हणून शिजवल्यावर तसंच बाहेर ठेवायचं नाही, लगेच खायचं किंवा फ्रिजमध्ये. पहिल्यांदा अगदी थोडं, आणि घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच.

रानफूल

@निरभ्र, त्यात माझी एक भर. विकणाऱ्याला विचारा की यांना खायला काय घालता. जंगलातून आणलेलं असेल तर कुठून, कोणत्या महिन्यात आणि वेचणाऱ्याला किलोमागे किती मिळाले. काईला जीआय मिळाला, नाव झालं, आता बाटल्यांत भरून दूरवर विकली जाईल, त्यात चावे सोसून घरटं उतरवणाऱ्या माणसाचा वाटा किती हे गिऱ्हाईकाने विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही. मोपानेच्या बाबतीत ट्रक आले तेव्हा हे विचारणारं कुणी नव्हतं.

@कोषकार, एरी पाळणाऱ्या घरांत कोष आणि किडा यांचा हिशोब कसा बसतो, कोण विकतं, पैसा कुणाच्या हातात येतो यावर वेगळं सविस्तर लिहाल का? बायकांच्या हातात राहत असेल तर ते फार मोलाचं आहे.

कोषकार

लिहितो ताई. माझ्या जुन्या वह्या काढाव्या लागतील, त्यात बऱ्याच घरांची माहिती आहे. एवढं आत्ता सांगतो की मी ज्या घरांत गेलो तिथे पाळण्याचं आणि कातण्याचं काम बायकांकडेच होतं आणि किडे विकायला बाजारातही त्याच बसायच्या.